बीम म्हणजे नेमकं काय? खडकीचं केंद्र, खोडदच्या तबकड्या आणि आमच्या घरची मयाल

मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की 'संज्ञा स्पष्ट करा' असं गाइड सारखं सांगतात, पण म्हणजे करायचं काय? पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना हा प्रश्न पडतोच. उत्तरादाखल माझीच एक चूक सांगते. तिच्यापायी माझे अकरा महिने गेले.

माझा विषय पश्चिम भारतातल्या बिनतारी दळणवळणाचा इतिहास. पहिल्या वर्षी मी एका अभिलेखागारात जुन्या सूच्या चाळत होते. एका ओळीत 'बीम', 'किर्की' आणि 'जमीन' असे तीन शब्द दिसले. किर्की म्हणजे आपली खडकी. बीम आणि जमीन एकत्र दिसल्यावर मला वाटलं, लष्कराच्या कुठल्यातरी इमारतीचं बांधकाम असणार. वहीत लिहिलं, 'बांधकाम, उपयोग नाही', आणि पान उलटलं.

अकरा महिन्यांनी समुद्राखालच्या तारांच्या कंपन्यांवर वाचत होते. तारांचा एवढा जुना आणि भक्कम धंदा १९२० च्या दशकाच्या शेवटी एकदम का डळमळला, हे शोधत होते. प्रत्येक पुस्तकात कारण एकच, 'बीम'. वही काढली, ते पान पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जी गोष्ट शोधायला मी घराबाहेर पडले होते, तिच्यापुढे मीच 'उपयोग नाही' लिहून ठेवलं होतं.

आता ही चूक झाली का, ते सांगायला मला तुम्हाला आमच्या गावी न्यावं लागेल.

माझं गाव गिरड, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. शेख फरीद बाबांच्या टेकडीमुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. गावातली गोष्ट अशी की व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा नारळांचा माल दगड झाला. भूशास्त्राची माणसं म्हणतात, हे झिओलाइटचे गोळे, काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले. लहानपणी मी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी ऐकल्या आणि दोन्ही मला पटल्या. दिसायला नारळ, फोडला की दगड. शब्दांचंही असंच होतं, हे कळायला मात्र पीएचडीला यावं लागलं.

आमचं जुनं घर कवेलूचं. मधोमध एक जाड सागवानी लाकूड, त्याला घरात सगळे मयाल म्हणतात. तुमच्याकडे आढं म्हणत असतील, कुणाकडे तुळई, कुणाकडे म्याल. आबाजींनी आयुष्यभर सुतारकाम केलं. मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं की मी बीमवर वाचतेय, तेव्हा ते म्हणाले, "बीम म्हंजे मयालच ना वं माय? त्याच्यात पीएचडी करासारखं काय हाय?" तर माझ्या डोक्यात बीमचा पहिला अर्थ हा होता. बीम म्हणजे डोक्यावरचं लाकूड, किंवा गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावात आलेलं सिमेंट आणि सळईचं. सूची वाचताना डोळ्यांनी 'बीम' वाचलं, पण अर्थ लावला तो घरानं. तुमच्याही डोक्यात असे 'घरचे अर्थ' आहेत. ते वाईट नसतात, पण ते न विचारता पुढे येतात.

थोडं शब्दाच्या मुळाशी जाऊ, मजा आहे त्यात. इंग्रजीतला बीम हा मूळचा 'झाड'. जर्मनमध्ये आजही झाडाला बाउम म्हणतात, तो याचाच भाऊ. झाडाचं झालं लाकूड, लाकडाची झाली तुळई. मग त्याच शब्दाला प्रकाशाचा अर्थ कसा चिकटला? व्युत्पत्तीच्या अभ्यासकांचा एक अंदाज असा की जुन्या इंग्रजीत धर्मग्रंथांची भाषांतरं होत असताना लॅटिनमधल्या 'प्रकाशाच्या खांबा'साठी हाच लाकडाचा शब्द वापरला गेला आणि तो तिथेच रुजला. आपल्याकडे वाट वेगळी आहे. तुळई येते संस्कृत 'तुला'पासून. तुला म्हणजे तराजू, आणि घराच्या छपरातलं आडवं लाकूडसुद्धा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हा दुसरा अर्थ येतो. म्हणजे इंग्रजीनं झाड पाहिलं, आपण तराजूची दांडी पाहिली. दोन टेकूंवर आडवं पेललेलं लाकूड आणि त्यावर तोललेलं वजन. स्थापत्याच्या दृष्टीनं मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो, पण हे माझं मत झालं.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी प्रकाशाच्या बीमसाठी 'शलाका' घेतला. विश्वकोशात 'प्रकाशशलाका', 'इलेक्ट्रॉन शलाका' असे शब्द भेटतात. शलाका म्हणजे मुळात बारीक काडी, सळई. डोळ्यांत अंजन घालायची ती अंजनशलाका. म्हणजे आपणही फिरून लाकडाशीच आलो! आणि रेडिओ हा शब्द ज्या लॅटिन शब्दाच्या कुळातला आहे, त्याचे अर्थ काठी, चाकाचा आरा आणि किरण. न दिसणारी गोष्ट दाखवायची झाली की माणूस हातातली काठी पुढे करतो, असं दिसतंय. बोलीत मात्र आपण शलाका कधी म्हणत नाही. टॉर्चचा झोत, कवेलूच्या फटीतून येणारी तिरीप, जमिनीवर पडणारा कवडसा. तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळे शब्द आहेत आपल्याकडे, आणि पाठ्यपुस्तकांनी त्यातला एकही नीट वापरला नाही याची मला हळहळ वाटते.

एक इशारा देते. व्युत्पत्ती छान असते, पण पुरावा म्हणून वापरू नका. शब्द कुठून आला यावरून १९२७ साली एखादा कारकून त्याचा काय अर्थ लावत होता, हे सिद्ध होत नाही.

आता आबाजींची मयाल. आडव्या लाकडावर वजन पडलं की ते किंचित वाकतं. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मध्ये एक थर असतो जिथे ताणही नाही, दाबही नाही. म्हणूनच सिमेंटच्या बीममध्ये मुख्य सळई खाली टाकतात, कारण काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. छज्जा उलटा असतो. तो एका बाजूनं भिंतीत अडकलेला, दुसरी बाजू हवेत, म्हणून ताण वर येतो आणि सळई वर लागते. सेंट्रिंगवाल्यानं ती सळई पायाखाली तुडवून खाली बसवली की छज्जा पडतो. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात असंच भिंतीत रोवलेलं लाकूड घेऊन हिशेब मांडला होता. ताण नेमका कसा वाटला जातो यात तो चुकला, पण जाडी-उंचीचं नातं त्याला सापडलं. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते, आणि वाकणं आठ पटीनं कमी होतं. आबाजींना हे सूत्र सांगितलं तर म्हणाले, "म्हून तं उभी बसवतेत." झालं.

मुंबईत काळा घोड्याजवळची वॉटसन्स हॉटेलची इमारत बघितली असेल. हल्ली एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. १८६० च्या दशकात तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं आणला. खांब, तुळया, सगळं. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, भारतातला पहिला. वर लोखंडी बीम, खाली अंधारात प्रकाशाचा बीम! अशा जागा सापडल्या की मला उगाच आनंद होतो. शोधनिबंधात याचा काही उपयोग नाही.

मुख्य गोष्ट रेडिओची.

१८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं या तारांच्या कंपन्यांचं राज्य होतं. बिनतारी आली, पण साम्राज्यभर संदेश पाठवायचे तर त्या काळच्या समजुतीप्रमाणे लांब लहरी लागत, कित्येक किलोमीटर लांबीच्या, आणि त्यासाठी प्रचंड शक्तीची केंद्रं. अशी केंद्रं चारी दिशांना ऊर्जा फेकतात. दिव्यासारखी, टॉर्चसारखी नाही. मग टॉर्च का नाही करायची? याचं उत्तर एका साध्या नात्यात आहे. झोताचा कोन हा साधारण लहरीची लांबी भागिले अँटेनाची रुंदी एवढा असतो. लहर पाच किलोमीटरची असेल आणि सहा अंशांचा झोत हवा असेल, तर अँटेना जवळपास पन्नास किलोमीटर रुंद बांधावी लागेल. शक्यच नाही. पण लहर पंचवीस मीटरची असेल तर अडीचशे मीटरमध्ये तेच काम होतं.

मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी हेच केलं. उंच मनोऱ्यांच्या रांगेवर उभ्या तारांचा पडदा टांगला, त्याच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं मार्कोनी कंपनीशी करार केला. अट होती मिनिटाला १०० शब्दांची. ऑक्टोबर १९२६ मध्ये कॅनडाशी सेवा सुरू झाली, १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत. भारताच्या बाजूचं प्रक्षेपण केंद्र खडकीला, ग्रहण केंद्र दौंडला. चालवायला इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी. दोन केंद्रं एवढी लांब का? तोफेशेजारी उभं राहून कुजबुज ऐकता येत नाही म्हणून. शेजारी आपलंच प्रक्षेपक गरजत असेल तर सात हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश टिपणार कसा?

सहा अंशांचा झोत ऐकायला बारीक वाटतो. सात हजार किलोमीटरवर तो सातशे किलोमीटर रुंद झालेला असतो! म्हणजे तो खाजगी निरोप नव्हे. वाटेत कुणीही ऐकू शकतो. तारेच्या कंपन्या गुप्ततेचा मुद्दा वारंवार काढायच्या, तो यामुळे. पण गिऱ्हाईक स्वस्ताकडे गेलं. १९२८ ला लंडनमध्ये परिषद झाली, १९२९ मध्ये तार आणि बिनतारी एका कंपनीत घातल्या; तिचंच नाव १९३४ पासून केबल अँड वायरलेस. भारतात १९३२ मध्ये तसंच झालं, इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स. १९४७ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, १९८६ ला विदेश संचार निगम. खडकीच्या माळावर टांगलेल्या तारांचा वंश इथपर्यंत येतो, आणि माझ्या वहीत त्यापुढे लिहिलं होतं 'बांधकाम'.

या काळात 'बीम' हा शब्द निव्वळ भौतिकशास्त्राचा राहिला नाही, हेही लक्षात घ्या. तो सेवेचं नाव झाला, दराचं नाव झाला. ऑस्ट्रेलियात तार 'बीममार्गे' पाठवा अशी जाहिरात व्हायची. तेव्हा १९२८ च्या कागदात 'बीमचं उत्पन्न' असं आलं तर ते कुठल्या झोताचं नाही, एका धंद्याचं उत्पन्न आहे.

आणि गंमत अशी की तो पडदा टांगायला मनोऱ्यांच्या माथ्यावर आडवे लोखंडी हात लागत. म्हणजे बीमशिवाय बीम नाही. माझी नोंद शंभर टक्के चूक नव्हती, अशी मी स्वतःची समजूत काढते. गाइडची निघाली नाही.

आता पुण्याच्या उत्तरेला खोडदला चला. नारायणगावजवळ. जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकी सोळा तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत जवळपास २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला छोट्या ३२ तबकड्यांपासून सुरुवात केली होती. त्यातून वाढत वाढत हे. इथली माणसं दिवसभर 'बीम' म्हणतात, पण इथला बीम आणखी वेगळा. दुर्बीण काहीच बाहेर टाकत नाही. ती फक्त ऐकते. मग बीम कसला? तर आकाशाच्या ज्या तुकड्याला ती संवेदनशील आहे, तो तुकडा म्हणजे बीम. वस्तू नाही, प्रकाश नाही, नुसती दिशा. अँटेना ज्या आकारात पाठवेल त्याच आकारात ऐकेल, हा नियम असल्यामुळे एकच शब्द दोन्हीकडे चालतो. दौंडच्या ग्रहण केंद्रालाही याच अर्थानं बीम होता.

त्यातही दोन बीम. एका तबकडीचा बीम २१ सेंटीमीटरच्या लहरीवर अर्ध्या अंशाच्या आत, चंद्राच्या बिंबापेक्षा थोडा लहान. सगळ्या तबकड्यांचे संकेत एकत्र केले की रुंदी ४५ मीटर राहत नाही, २५ किलोमीटर होते, आणि बीम दोन विकलांच्या आसपास येतो. दोन किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं तेवढं दिसतं. खडकीचं भागाकाराचं नातं तेच, फक्त आकडे बदलले. तबकड्या जवळून बघाल तर त्या भरीव नाहीत. पोलादी नळ्यांच्या चौकटीवर ताणलेले दोर आणि त्यावर तारेची जाळी, म्हणून हलक्या आणि स्वस्त. दोर नीट ताणले नाहीत तर आकाशातला बीम बिघडतो. इथे स्थापत्य आणि रेडिओ यांना वेगळं करताच येत नाही.

कणांच्या बीमबद्दल थोडक्यात. कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन त्वरक आहे. तिथे बीम म्हणजे निर्वात नळीतून धावणारे आयन, दिसत नाहीत, मोजावे लागतात. तिथल्या संशोधकांच्या बोलण्यात 'बीमटाइम' मिळाला की नाही याची चिंता असते, म्हणजे यंत्र वापरायला मिळालेले तास. 'किरण' आणि 'शलाका' यांतला फरकही इथे कळतो. किरण ही आपण वहीत काढलेली रेघ, तिला जाडी नाही. शलाकेला जाडी असते आणि ती पसरते. कॅथोड किरण मात्र किरण नव्हतेच, ते इलेक्ट्रॉन निघाले. १८९७ मध्ये थॉमसननं दाखवलं. नाव बदललं नाही. नावं हट्टी असतात.

तर आता माझी वही कशी चालते ते सांगते. शब्द दिसला की मी आधी साल बघते. हर्ट्झचे प्रयोग १८८७-८८ चे, तेव्हा मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात किंवा त्या काळच्या कुठल्याही कागदात बीम रेडिओचा असूच शकत नाही. मग बघते एकक. शेजारी फूट-इंच असेल तर बांधकाम. अंश किंवा किलोवॅट असेल तर रेडिओ. इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल तर त्वरक. धाग्यांची संख्या असेल तर माग! हो, आमच्या शेजारच्या हिंगणघाटच्या गिरण्यांमधला बीम म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ. हा चौथा अर्थ माझ्या यादीत नव्हताच, गिरणीत काम केलेल्या एका काकांनी घातला. एकक नसेल तर क्रियापद बघते. बीम टाकला, बीम भरला, बीम मिळाला, बीम वळवला. बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो. खडकीच्या ओळीत यातलं काहीच नव्हतं, फक्त 'जमीन' होतं. अशा वेळी 'ठरलेलं नाही' असं लिहून खूण करायची आणि पुढे जायचं. 'उपयोग नाही' लिहायचं नाही.

जुनी स्पेलिंगंही धरा. खडकी सापडत नाही, किर्की सापडते. दौंड सापडत नाही, धोंड सापडतं. आणि गावांच्या नावांचं काय सांगू! भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये आर्वीला उभं राहिलं, हे वाचून मी आनंदानं घरी फोन केला की आपल्या जिल्ह्यात झालं होतं. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुका आहे ना. ती आर्वी नव्हे. ती नारायणगावजवळची, पुणे जिल्ह्यातली. खोडदपासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. फोन परत करून आबाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग तुह्या पुस्तकात जिल्हा लिवत नाई का?" आता मी लिहिते. प्रत्येक गावापुढे जिल्हा आणि तालुका.

किर्कीच्या ओळीमागचा कागद मी पुन्हा मागवलाय. चिठ्ठी भरून तीन आठवडे झाले, अजून आलेला नाही. आला की काय निघालं ते इथेच लिहीन, बांधकाम निघालं तरी.

दिवाळीत घरी गेले तेव्हा कवेलू उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं होतं. मयाल अंगणात काढून ठेवली होती. टेपनं मोजली. लांबी साडेतेरा फूट, रुंदी पाच इंच, उंची साडेआठ. वरच्या अंगाला काजळी, खालच्या अंगाला मधोमध बोटभर वाक. आबाजी शेजारी बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "बीमवाल्यानं सळई खाली टाकली का पाहून घेजो."